आमच्या शाळेतलं पाणी अठ्ठ्याण्णवला उकळायचं

गेल्या महिन्यात नातीनं शाळेतून एक कागद आणला. ती नववीत आहे. तळेगावातल्या सोसायटीत आम्ही सगळे एकत्र राहतो, आणि तिच्या विज्ञानाच्या सरांना मुलांची सुट्टी बघवत नाही असं तिचं ठाम मत आहे. कागदावर दहा प्रश्न होते. भौतिकशास्त्राचेच, पण पुस्तकात उत्तर सापडू नये असे मुद्दाम निवडलेले. सातवा प्रश्न असा: ‘स्वयंपाकघरातल्या वस्तू आणि एक थर्मामीटर वापरून तुमचे घर समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते काढा. मोबाईल वापरू नये.’

“आजी, हा प्रश्न चुकीचा छापलाय,” नात म्हणाली. “थर्मामीटरनं ताप मोजतात. उंची कशी मोजणार?”

मी पावट्याच्या शेंगा सोलत होते. “पाणी उकळायला ठेव,” मी मान वर न करता म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. या घरात सर्दीवर काय घ्यावं, लोणच्याला बुरशी का आली, असले प्रश्न माझ्याकडे येतात. भौतिकशास्त्र तिच्या बाबांकडे जातं आणि तिथून ते इंटरनेटवर जातं.

“तुला कसं माहीत?”

“मला अजिबात माहीत नव्हतं,” मी म्हटलं. “म्हणून तर पक्कं लक्षात आहे.”

मग शेंगा सोलता सोलता तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. तिला सांगताना एक-दोन ठिकाणी मी स्वतःला जरा बरी दाखवली होती. इथे ते दुरुस्त करते.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, आणि त्या वयात माणसाला जेवढं कळतं त्याच्या दुप्पट मला कळत होतं. लग्न होऊन लोणावळ्यात आले होते. औंढ्याच्या बाजूला एका गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा निघाली. मुख्याध्यापकांनी विचारलं, “विज्ञान शिकवाल ना?” मी हो म्हटलं. माझी पदवी वनस्पतिशास्त्राची होती हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद मला झोपेतही घेता आला असता. पण लोलक, तराजू, भिंगं यांच्याकडे मी सासरच्या लांबच्या नातेवाइकांकडे बघावं तशी बघायचे. हसून, आणि जरा अंतर ठेवून.

ही भीती झाकायला माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, साडीला खळ. इतकी, की मी खुर्चीत बसले की आवाज व्हायचा. दुसरी, लाल पेन.

शाळेत एक पद्धत होती. प्रयोगशाळेच्या कपाटात तपकिरी कव्हर घातलेली एक प्रयोगवही असायची. कुणीतरी हुशार विद्यार्थी बऱ्याच वर्षांपूर्वी ती मागे ठेवून गेला होता. मुलं तिला मूळ वही म्हणत. दर वर्षी नववीची मुलं आधी मूळ वहीतून निरीक्षणं उतरवून घेत, डाव्या पानावर पेन्सिलीनं आकृती काढत, आणि मग वेळ उरला तर प्रयोग करत. मला ही पद्धत फार आवडली. अक्षर सुबक येई, उत्तर बरोबर येई आणि स्पिरिट वाचे. शाळेत विज्ञान इतकं सुरळीत चाललेलं बघून मला स्वतःचं कौतुक वाटायचं.

त्या जानेवारीत तपासणी लागली. पुण्याहून साहेब येऊन प्रयोगवह्या बघणार होते. नववीचा एक प्रयोग राहिला होता: पाण्याचा उत्कलनांक, म्हणजे पाणी किती तापमानाला उकळतं ते बघायचं. मुलं एक्केचाळीस, थर्मामीटर दोन, स्पिरिटचे दिवे तीन आणि त्यातला एक गळका. मुलांनी दिवे पेटायच्या आधीच रकान्यात १०० लिहून टाकलं होतं. मी सगळ्यांच्या वह्यांवर बरोबरच्या खुणा करत निघाले होते.

मुलींच्या शेवटच्या बाकावर डोंगरावरच्या वाडीतली एक मुलगी बसायची. त्या वाडीतून नववीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. रोज दीड तास उतरून यायची आणि दोन तास चढून जायची. तिचा रकाना कोरा होता, कारण ती थर्मामीटरकडे बघत उभी होती.

“बाई, अठ्ठ्याण्णवला थांबलंय.”

“नीट उकळू दे.”

“उकळतंय की. बुडबुडं बगा. पारा हालंना.”

मी वाकून बघितलं. अठ्ठ्याण्णव. डोळे बारीक करून बघितलं, मान वाकडी करून बघितलं. अठ्ठ्याण्णव.

“थर्मामीटर जुना आहे. शंभर लिही.”

तिनं दुसऱ्या गटाचा थर्मामीटर मागून आणला. त्यातही अठ्ठ्याण्णव.

“बाई, दोन्ही सारखंच चुकत्यात?”

“एकाच दुकानातले आहेत,” मी म्हटलं.

वर्ग हसला. ती मुलं तिला हसली असं मी तेव्हा ठरवलं.

तिनं रकान्यात ९८ लिहिलं. मी त्याखाली लाल पेनानं लिहिलं, ‘निरीक्षण चुकीचे. पुन्हा करा.’ तिनं पुन्हा केलं. पुन्हा अठ्ठ्याण्णव. तेव्हा माझ्या खळीच्या साडीत जेवढा ताठा होता तेवढा सगळा एकवटून मी म्हणाले, “वहीत शंभर लिहिल्याशिवाय उद्यापासून वर्गात बसायचं नाही.”

“न बगितलेलं कसं लिवू, बाई?”

ती खरंच विचारत होती. मला मात्र ते उद्धट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या दिवशी, बुधवारी, शाळेचे शिपाई मामा घंटा देऊन माझ्याजवळ आले. डोंगराच्या पायथ्याला त्यांचं घर होतं, वाडीवरच्या बातम्या त्यांच्या अंगणातूनच खाली जात.

“बाई, ती पोरगी आता यायची न्हाई. तिच्या मावशीनं लोनावळ्यात एका बंगल्यावर झाडलोटीचं काम बगितलंय. येत्या सोमवारपासनं. तुमी हाकलली म्हनं.”

“मी हाकललं नाही मामा. शिस्त लावली.”

“व्हय. शिस्त ऱ्हायली आन् पोरगी गेली.”

त्या रात्री मला झोप लागली नाही असं मी नातीला सांगितलं. ते खोटं आहे, मस्त लागली. पण सकाळी उठल्या उठल्या तीच आठवली. मुलगी बंगल्यावर गेली की परत यायची नाही हे मला कळत होतं. पहिली गेली की त्या वाडीतून दुसरी कुणी येणारही नव्हती.

आता कुणाही शहाण्या माणसानं काय केलं असतं? वर जाऊन सांगितलं असतं, ये बाई, तुला काय लिहायचं ते लिही. मी शहाणी नव्हते, मी विज्ञानाची बाई होते. मी ठरवलं की वाडीवर जायचं, सगळ्यांसमोर प्रयोग करायचा, शंभर दाखवायचं आणि मुलीला मोठ्या मनानं माफ करून खाली आणायचं. माझा सिद्धांतही तयार होता. शाळेच्या दिव्याची ज्योत मिणमिणती, म्हणून पारा अठ्ठ्याण्णवला दमतो. चुलीच्या जाळावर तो सरळ शंभराला जाईल. असा सिद्धांत सुचल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते.

गुरुवारी रजा टाकली. थर्मामीटर विणकामाच्या सुयांच्या डब्यात घातला आणि डोंगर चढायला लागले. ती मुलगी दोन तासांत चढायची, मला तीन लागले. खळीची साडी चढावर कागदासारखी फाटते हे ज्ञान मला त्या दिवशी मिळालं.

घरात मुलीचे वडील होते, आजी होती, आणि बाई आल्यात म्हणून शेजारपाजार जमला होता. मुलगी चुलीपाशी बसली होती. मी प्रस्तावना केली. पाणी ठेवलं, ते खळाखळा उकळलं, मी थर्मामीटर आत धरला.

सत्त्याण्णव.

“जाळ लावा जरा,” मी म्हटलं. आजीनं दोन लाकडं सरकवली. सत्त्याण्णव. आणखी दोन लाकडं. माझ्या भुवया भाजायची वेळ आली, पारा तिथेच.

“अजून लावू का, बाई?” आजीनं विचारलं. “छपराला लागंल पन.”

“थर्मामीटर बिघडला,” मी म्हणाले. “चढताना हिसके बसले असतील.”

मुलगी पहिल्यांदा बोलली. “बाई, शाळंत नेऊन परत बगा. तितं अठ्ठ्याण्णवच आलं तर न्हाई बिघडला.”

पाच वर्षं मी विज्ञानाचं शिक्षण घेतलं होतं. उपकरणाची शंका आली की काय करायचं हे इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या वेळी मला एवढंच वाटलं की ही मुलगी फार बोलते.

तिचे वडील समजूतदार होते. तिला म्हणाले, “लिव की शंभर. काय जातंय तुजं?”

“लिवते,” ती म्हणाली. “पन मंग बाईंनी बी सांगावं, त्यास्नी किती दिसलं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला किती दिसलं ते मला माहीत होतं. मी म्हणाले, “उशीर होतोय, अंधार पडायच्या आत उतरलं पाहिजे,” आणि उठले. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि गुपचूप पाणी उकळलं. अठ्ठ्याण्णव. थर्मामीटर ठणठणीत होता. बिघडलेलं काय आहे याचा मग एकच पर्याय उरत होता, आणि त्याच्यावर विचार करायची माझी तयारी नव्हती.

रविवारी खोपोलीला नणंदेकडे हळदीकुंकू होतं. मी जरीची साडी नेसले, वाणाचे डबे पिशवीत भरले आणि का कोण जाणे, सुयांचा डबाही टाकला. एसटीनं घाट उतरले. नणंदेच्या स्वयंपाकघरात पंधरा-वीस बायकांच्या चहाचं आधण खदखदत होतं. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी त्यात थर्मामीटर बुडवला.

“वहिनी, पाण्याला ताप आलाय का?” मागून नणंद म्हणाली.

पारा नव्वदच्या पुढे गेला, अठ्ठ्याण्णवपाशी जरासुद्धा न थांबता गेला आणि शंभराच्या रेघेला केसभर कमी असा उभा राहिला.

मी तिथेच पाटावर बसले. पाठ्यपुस्तकातलं वाक्य डोळ्यांपुढे आलं. ‘सामान्य वातावरणीय दाबाला पाणी शंभर अंशांना उकळते.’ दर वर्षी मी मुलांना ते पट्टीनं अधोरेखित करायला लावायचे. ‘सामान्य वातावरणीय दाबाला’ हे शब्द मला ‘स्वच्छ धुतलेल्या चंचुपात्रात’ यासारखे वाटायचे. शोभेचे. वर चढावं तशी हवा विरळ होते, ती पाण्याला कमी दाबते, म्हणून पाणी लवकर उकळतं. समुद्राकाठी शंभर, घाटमाथ्यावर अठ्ठ्याण्णव, वाडीवर सत्त्याण्णव. जेवढं वर, तेवढं कमी. तीन ठिकाणी पारा मला ओरडून सांगत होता आणि मी त्यालाच गुन्हेगार ठरवत होते.

“चक्कर आली का?” नणंदेनं विचारलं. “साखर खा जरा.”

“मला जायला पाहिजे. उद्या सोमवार आहे.”

सोमवारचं काय, ते तिला कळलं नाही. मी हळदीकुंकवाला न थांबता, वाण तिच्याच हाती सोपवून दुपारची एसटी पकडली. लोणावळ्याहून मिळेल त्या टेम्पोनं गाव गाठलं आणि जरीच्या साडीत पुन्हा तो डोंगर चढायला लागले. वाटेत दोघं गुराखी भेटले. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. कुणाच्या तरी लग्नातून पळून आलेली बाई असावी, अशी त्यांची नजर होती.

पोचले तेव्हा सूर्य टेकला होता. दाराशी कपड्यांचं एक बोचकं बांधून ठेवलेलं दिसलं. मुलीची मावशी आत बसली होती. ती मला बघताच म्हणाली, “बाई, आता बोलनं झालंय. बंगल्याची मानसं उद्या वाट बगत्याल.”

वर येताना मी वातावरणीय दाबावर एक चांगलं छोटं भाषण जुळवलं होतं. त्यात माझी चूक अशी कुठे नव्हती, ‘काही परिस्थितीत असे घडू शकते’ अशी भाषा होती. दारात मुलगी उभी होती. तिला बघून ते भाषण कुठे गेलं कोण जाणे.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “तुझं अठ्ठ्याण्णव बरोबर आहे. मलासुद्धा अठ्ठ्याण्णवच दिसलं होतं. आणि इथं सत्त्याण्णव.”

आजी म्हणाली, “मंग त्या दिशी का न्हाई म्हनलात?”

“घाबरले.”

“कुनाला?”

मी विचार केला. “पुस्तकाला,” मी म्हटलं.

वडील हसले. “आमी सायबाला भितो. तुमी कागदाला.”

मुलीला त्या माफीत फारसा रस दिसला नाही. तिनं विचारलं, “बाई, तुमी आत्ता कुटनं आला?”

“खोपोलीहून. तिथं पण उकळून बघितलं.”

“किती आलं?”

“शंभर. केसभर कमी.”

ती आत जाऊन चुलीतली राख काडीनं सारखी करत बसली. मग म्हणाली, “खोपोली ते शाळा दोन अंश. शाळा ते हितं एक अंश. म्हंजी खोपोलीचा घाट आमच्या डोंगराच्या दुप्पट, व्हय ना?”

मी मान हलवली. अगदी, हेच मी आता सांगणार होते, अशी. खरं तर ते मला पायथ्याला उतरल्यावर बोटांवर मोजल्यानंतर पटलं.

“ते समदं ऱ्हाऊ द्या,” मावशी म्हणाली. “बंगल्यावाल्यांना काय सांगू?”

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. जरीचे काठ मातीनं भरलेले, एका चपलेचा अंगठा तुटलेला, हातात विणकामाच्या सुयांचा डबा. मावशीला म्हणाले, “बाई दोनदा चढून आल्या. तिसऱ्यांदा आल्या तर खाली न्यायला डोली करावी लागंल. पोरगी जाऊ दे शाळंत.”

त्यांनीच मला पायथ्यापर्यंत सोडलं. वाटेत मधेच एकदा ते स्वतःशीच हसले.

सोमवारी ती वर्गात आली. मी एक्केचाळीस वह्या परत घेतल्या, स्वतःच्या बरोबरच्या चाळीस खुणा स्वतः खोडल्या आणि मुलांना प्रयोग पुन्हा करायला लावला. स्पिरिट संपलं, मुलींनी घरून रॉकेल आणलं. मुख्याध्यापकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पेन झटकत राहिले. “तुमचं बरोबर असेल बाई,” ते म्हणाले, “पण बोर्डाचं पाणी शंभरालाच उकळतं. एवढं मुलांना सांगून ठेवा.”

तपासणीचे साहेब आले. पहिली वही उघडली, ९८. दुसरी, ९८. पाच-सहा वह्या बघून त्यांनी चष्मा काढला. “सगळ्या वर्गाचं चुकलंय?”

यावर मी म्हणाले, ‘साहेब, आपण घेतलात तो चहासुद्धा अठ्ठ्याण्णवलाच झालाय.’ निदान मी सगळ्यांना आजवर असंच सांगत आले. हे वाक्य मला तपासणीनंतर तीन दिवसांनी भांडी घासताना सुचलं. त्या दिवशी मी म्हणाले होते, “सॉरी सर.”

मागच्या बाकावरून आवाज आला. “साहेब, हितं हवा कमी दाबती. खोपोलीला शंभर येतंय. आमच्या वाडीवर सत्त्याण्णव. बाई सोता जाऊन बगून आल्यात.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “खरंच खोपोलीला गेला होतात?”

“हळदीकुंकवाला,” मी म्हटलं. खरं बोलायची नवीनच सवय लागली होती, ती आवरता येईना.

त्यांनी शेरेबुकात काय लिहिलं ते मला आठवत नाही. मूळ वही मात्र त्यानंतर कपाटात दिसली नाही. शिपाई मामांनी तिच्या पानांत बरेच दिवस खडू बांधून दिले.

एवढं सांगेपर्यंत शेंगा सोलून झाल्या होत्या. नातीनं विचारलं, “ती मुलगी आता काय करते?”

ती आता पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात तयार झालेले भाग मोजून बघायच्या कामावर आहे. तिच्यामागून वाडीतल्या आणखी चार मुली दहावी झाल्या, त्यात तिची धाकटी बहीण. दिवाळीला येते, फराळ करते आणि दर वर्षी एकच गोष्ट ऐकवते.

“आमच्याकडं मापात खोडाखोड केली तर घरी पाठवत्यात, बाई.”

“मीही तेच केलं होतं.”

“तुमी उलटं केलतं. न खोडनारीला घरी पाठवलंत.”

नात उठून शाळेनं दिलेला लांब थर्मामीटर घेऊन स्वयंपाकघरात गेली. पातेल्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला, मग बराच वेळ काहीच नाही. मी शेंगांची टरफलं गोळा करत होते.

“आजी,” तिनं आतून हाक मारली, “सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णवच्या मधे थांबलंय. काय लिहू?”

“मला कशाला विचारतेस?” मी म्हटलं. “मी वनस्पतिशास्त्राची.”